फ्री थ्रोची वही आणि आमच्या मुलींची टीम

२०२२ चा जून. शाळा सुरू होऊन चार-पाच दिवस झाले असतील, आमच्या जुन्या शाळेतून पीटीच्या सरांचा फोन आला. म्हणाले, ताई, दोन वर्षांच्या खंडानंतर शालेय स्पर्धा होणारेत, मुलींची बास्केटबॉलची टीम उतरवायचीय पण टीमच नाहीये, तुम्ही सकाळी येऊ शकाल का? मी म्हटलं टीम नाहीये म्हणजे काय, आपल्या शाळेत मुलींची टीम नाही असं कधी झालंय का? सर कबड्डीतले, शाळेत नवीन, ते शांतपणे म्हणाले, तुम्ही एकदा येऊन बघा.

मी सांगलीची, याच शाळेत शिकले, नव्वदच्या दशकात याच कोर्टवर खेळून विभागापर्यंत गेले. नंतर कॉलेज, लग्न, बँकेतली नोकरी, आणि बास्केटबॉल म्हणजे वर्षातून एकदा माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला दहा मिनिटं. पण बँक दहाची, त्यामुळे सहा ते साडेसात मला जमणार होतं. हो म्हणून टाकलं.

आधी हे सांगते की आमच्याकडे टीम कशी तयार व्हायची, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्हाला खरं म्हणजे कुठल्या कोचनं शिकवलंच नाही. पाचवी-सहावीत असताना आम्ही रिंगखाली उभं राहून मोठ्या मुलींचे बॉल गोळा करून द्यायचो, आणि त्या दमल्या की मधल्या पाच मिनिटांत आम्हाला बॉल मिळायचा. ले-अपची, म्हणजे पळत येऊन रिंगजवळ उडी मारून बॉल टाकायची पावलं मला नववीतल्या एका ताईनं शिकवली, माझा हात धरून, उजवा-डावा-उडी, उजवा-डावा-उडी. मी आठवीत गेल्यावर तेच पाचवीतल्या मुलींना शिकवलं. सर असायचे, पण ते शिट्टी वाजवायला, एंट्री भरायला आणि आम्हाला मॅचला नेऊन परत आणायला. आणि एक वही होती. फुलस्केप, दोनशे पानी. प्रॅक्टिस संपताना प्रत्येकीनं दहा फ्री थ्रो (फाउलनंतर रेषेवर उभं राहून, कुणी अडवत नसताना मारायचे बॉल) मारायचे आणि किती गेले ते वहीत लिहायचं, लिहिणार टीममधली सगळ्यात मोठी मुलगी. एक वही संपली की दुसरी, जुन्या सगळ्या स्टोअररूमच्या ट्रंकेत. माझ्या काळातल्या वह्यांत माझ्या आधीच्या मुलींची नावं होती, आम्ही त्यांचे आकडे बघून त्यांच्याशी स्पर्धा करायचो, त्या मुली कोण हे माहीत नसताना.

२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. सांगलीकरांना सांगायला नको, आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट. शाळेचा तळमजला पाण्यात होता आणि स्टोअररूम तळमजल्यावर. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर आत वह्यांचा लगदा. तरी त्या वर्षी टीम होती, चिखल काढून मुली खेळल्यासुद्धा. मग मार्च २०२० ला शाळाच बंद. २०२१ च्या जुलैत परत पूर. मुली घरी मोबाईलवर.

आता हिशोब करा. २०१९ च्या नववी-दहावीच्या मुली शाळा सोडून गेल्या. आठवीतल्याही गेल्या, दहावी पास होऊन. त्या वेळी सातवीत असलेल्या आता दहावीत. म्हणजे कोर्टवर मोठ्या मुलींबरोबर खेळलेल्या अशा फक्त याच, आणि त्यातली खेळणारी उरली होती एक. एकच.

पहिल्या दिवशी अकरा मुली आल्या. बॉल चार, चारही गुळगुळीत आणि चारही सात नंबरचे, म्हणजे मुलांचे. मुलींचा सहा नंबर असतो, घेर कमी आणि वजनालाही हलका, हा फरक लहान हातांना फार जाणवतो. एका बाजूची रिंग खाली वाकलेली, बंदच्या काळात कुणी कुणी येऊन लोंबकळलं असणार. नेट नाही. कोर्टवरच्या रेषा पुसून गेलेल्या, थ्री पॉइंटची कमान तर शोधावी लागत होती. मी घरून टेप नेली होती. फ्री थ्रोची रेष बोर्डापासून ४.६० मीटरवर मोजून खडूनं मारली आणि रिंगची उंची मोजली, ३.०५ पाहिजे, वाकलेल्या बाजूची चांगली पाच बोटं कमी. पहिला आठवडा आमचा हेच करण्यात गेला. आमच्या बॅचच्या ग्रुपवर मेसेज टाकला तर दोन दिवसांत सहा नंबरचे सहा बॉल आणि दोन नेटचे पैसे जमले, एकीनं तर पुण्याहून बॉल स्वतः आणून दिले. रिंग शाळेनं वेल्डरकडून सरळ करून घेतली.

मुलींचं म्हणाल तर मला सगळ्यात जास्त कशानं हलवलं असेल तर त्यांच्या आवाजानं, म्हणजे आवाज नसण्यानं. बास्केटबॉलमध्ये डिफेन्सला बोलावं लागतं, सतत, माझी माझी, डावीकडे, स्क्रीन आली, मागे बघ. या मुली अर्धा तास धावल्या तरी कोर्टवर फक्त बॉलचा आवाज. आणि एकमेकींना जरा धक्का लागला की दोघी थांबून सॉरी म्हणायच्या, बॉल तिसरीकडेच गेलेला. दोन वर्षं घरात, वनरूममध्ये चार माणसं, आवाज करू नको क्लास चालूय, भावाचा पेपर चालूय, बाबांचा कॉल चालूय. हे सगळं त्यांच्या अंगात गेलं होतं. मी त्यांना एकमेकींपासून अर्ध्या कोर्टवर उभं करून नुसती नावं घेऊन हाका मारायला लावल्या, बॉलशिवाय. पहिले दोन दिवस हसत होत्या नाहीतर लाजत होत्या. तिसऱ्या दिवशी शाळेसमोरच्या बिल्डिंगमधले आजोबा गॅलरीत येऊन बघून गेले. मला इतकं बरं वाटलं.

पण यानंतर मी एक चूक केली आणि ती तीन आठवडे करत राहिले. मला वाटलं आता पद्धतशीर शिकवायचं. व्हिडिओ बघून ड्रिल्स काढली, मैदानावर मांडायचे कोन आणले, शिट्टी आणली, आज पिव्हट (एक पाय रोवून वळणं), उद्या चेस्ट पास, परवा बाउन्स पास, सगळ्यांना एका ओळीत उभं करून. मुली ऐकायच्या, करायच्या, आणि दुसऱ्या दिवशी परत स्टेप्स (बॉल हातात धरून जादा पावलं), परत डबल (थांबून पुन्हा ड्रिबल). जुलैच्या मध्यापर्यंत अकराच्या सात झाल्या. एकीची ट्युशन, एकीचा गुडघा, दोघींनी काही सांगितलंच नाही.

मग एका सकाळी मला यायला दहा मिनिटं उशीर झाला. गेटमधून बघते तर ती दहावीतली मुलगी, सहावीतल्या एका छोटीचा दंड धरून तिच्याबरोबर चालतीय, उजवा, डावा, उडी. उजवा, डावा, उडी. अगदी तेच शब्द. मी तिला विचारलं हे तुला कुणी शिकवलं गं? तर म्हणाली, मी सातवीत होते तेव्हा दहावीच्या ताईनं. ती ताई कोण, तिला कुणी शिकवलं, हे विचारत मागे मागे गेलं असतं तर ते कधीतरी मला शिकवणाऱ्या नववीतल्या ताईपर्यंत पोचलं असतं, कदाचित माझ्यापर्यंतही. मी गेटजवळच उभी राहिले जरा वेळ.

त्या दिवशी कोन आणि शिट्टी पिशवीत गेले ते गेलेच. जोड्या लावल्या, मोठ्या वर्गातली एक आणि छोट्या वर्गातली एक. मी फक्त मोठ्यांना शिकवायचं, तेही पंधरा मिनिटं, आणि मग त्यांनी आपापल्या छोटीला. दुसऱ्याला दाखवायचं म्हटलं की आपलं पाऊल कुठं पडतं ते स्वतःला आधी बघावं लागतं. आठवीतली एक मुलगी महिनाभर पिव्हटचा पाय उचलत होती, पाचवीतल्या मुलीला तू पाय उचललास म्हणून ओरडता ओरडता तिचा स्वतःचा पाय जमिनीला चिकटला. आणि छोट्या मुली आल्या की गर्दी वाढते, गर्दी वाढली की गेलेल्याही परत येतात. ऑगस्ट उजाडेपर्यंत चौदा झाल्या.

त्यात एक खो-खोतून आली होती, सांगलीत खो-खो म्हणजे घरचाच खेळ. तिला बॉल धरता येत नव्हता पण डिफेन्सला अशी बसायची की बघत राहावं, गुडघे वाकलेले, नजर समोरचीच्या कमरेवर, खांद्याच्या फसवणुकीला भुलायचीच नाही. फक्त सुटलेल्या बॉलवर डाईव्ह मारायची, सिमेंटवर, दोन्ही कोपरं सोललेली. तिला आधी सांगावं लागलं की बाई इथं माती नाहीये.

एक मिरजेहून यायची, वडील बाईकवरून सोडायचे, डोक्याला स्कार्फ. तिला कुणीतरी सांगितलं होतं की मॅचमध्ये असं खेळू देत नाहीत, म्हणून ती म्हणायची मी नुसती प्रॅक्टिसला येते ताई. मी शोधलं, फिबानं, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेनं, २०१७ सालीच नियम बदललाय, डोक्यावरचं कापड चालतं, पिन वगैरे टोचणारं काही नसलं पाहिजे आणि नीट बसलेलं पाहिजे. सरांनी तो नियम प्रिंट काढून फाइलला लावला. तिला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही पण दुसऱ्या दिवसापासून सहाच्या आधी यायला लागली.

शॉर्ट्सवरून दोन-तीन घरी जावं लागलं. एका घरी आजोबांनी विचारलं हा मुलींचा खेळ आहे का मुळात. मी म्हटलं आजोबा, हा खेळ १८९१ ला अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला निघाला आणि १८९२ ला मुली खेळायला लागल्या होत्या, एका वर्षाचाच काय तो फरक. शेवटी शॉर्ट्सखाली काळी स्लॅक्स असं ठरलं आणि सगळ्यांनीच घातली, म्हणजे कुणी वेगळी दिसायला नको. पाळीचंही एकदा सरळ बसून बोललो, माझ्या पिशवीत पॅड्स असतात, विचारायचं नाही, घ्यायचे, आणि त्या दिवशी खेळायचं की बसायचं ते जिचं तिनं ठरवायचं. आमच्या वेळी हे कुणी बोललं नव्हतं, आम्ही पोट दुखतंय म्हणून घरी बसायचो.

सगळ्यात अवघड गेलं ते दहावीतलीच्या आईला पटवणं. त्या गावभागात राहतात, घरी भडंगाचं पॅकिंग करून देतात. मला म्हणाल्या, मॅडम, तिला दहावी हाय, दोन वर्षं आधीच वाया गेल्यात, तुम्ही चांगल्या घरच्या, तुम्हाला कळतंय. मी खेळाच्या सवलतीच्या गुणांचं सांगितलं, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे तेही सांगितलं, पण ते गुण मिळायला कुठल्या लेव्हलपर्यंत जावं लागतं हे मला माहीत होतं आणि आमची टीम तिथवर जाणार नाही हेही. म्हणून ते रेटून नाही बोलले. मी म्हटलं वहिनी, खरं सांगते, हिच्या मार्कांना याचा काही उपयोग होईल असं नाही, पण शाळेत आता हिच्याशिवाय कुणाला हा खेळ येत नाही, ही गेली तर संपलं. त्या बराच वेळ पाकिटं चिकटवत राहिल्या. मग म्हणाल्या, स्पर्धेपर्यंत. त्यापुढं नाही.

पावसानं कोर्टवर शेवाळं धरलं. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासायचं, चार दिवस बरं, परत हिरवं. जोराचा पाऊस असला की वर्गांसमोरच्या व्हरांड्यात डाव्या हातानं ड्रिबल, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्याच दिवसांत बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धा चालू होती, आपल्या सांगलीची स्मृती मानधना सेमीफायनलला इंग्लंडविरुद्ध ३२ बॉलमध्ये ६१ मारून गेली आणि दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या दोघींच्या वडिलांनी विचारलं की हिला क्रिकेटला घालू का. मला राग नाही आला. आपल्या गावची मुलगी टीव्हीवर दिसली की घरचे असं विचारणारच. मी मुलींना मोबाईलवर २०१७ ची महिला बास्केटबॉल आशिया कपची (डिव्हिजन बी) बंगळुरूची फायनल दाखवली, भारत ७५ कझाकस्तान ७३, आणि त्या टीममध्ये पुण्याची शिरीन लिमये होती हेही. लिमये? आपल्याकडची? असं दोनदा विचारलं त्यांनी.

ऑगस्टच्या शेवटी विश्रामबागकडच्या एका शाळेशी प्रॅक्टिस मॅच ठेवली. ४१-६ नं हरलो. त्या मुलींनी पहिल्या मिनिटापासून फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे आपण आपल्या बास्केटखालून बॉल आत टाकतो तिथंच अंगावर येऊन उभं राहायचं. बॉल मिळाल्यापासून ८ सेकंदांत अर्ध्या रेषेपलीकडे जावं लागतं, आमच्या मुली बॉल मिळाला की घाबरून तिथंच ड्रिबल मारत राहायच्या, दोघी अंगावर, बॉल गेला. अर्धी रेष आम्ही पूर्ण मॅचमध्ये किती वेळा ओलांडली ते मी मोजत होते आणि मग मोजायचं सोडून दिलं. परत येताना रिक्षात कुणी बोलत नव्हतं. मी पण काही बोलले नाही, अशा वेळी बोललेलं कानात जात नाही.

पुढचे तीन आठवडे फक्त एक गोष्ट केली. तीन पास. आत टाकणारी बाजूच्या रेषेला देणार, ती मधे येणाऱ्या मुलीला, ती पलीकडच्या बाजूला पुढं पळणारीला, ड्रिबल मारायचाच नाही. आणि प्रत्येकीनं बॉल मागायचा, ओरडून. प्रेसला सगळ्या छोट्या मुली उभ्या केल्या, पाचऐवजी आठ. छोट्या नुसत्या आरडाओरडा करत अंगावर धावायच्या आणि मोठ्यांना त्या गोंधळात बॉल काढायला शिकावं लागलं. गणपतीच्या सुट्टीतपण आल्या सगळ्या.

स्पर्धा महापालिका क्षेत्राची, सांगली-मिरज-कुपवाड मिळून, १७ वर्षांखालील. कागदपत्रं सरांनी केली, जन्मतारखा, आधार, फोटो लावलेले फॉर्म, मुख्याध्यापकांची सही-शिक्का. टेबलवर एका पंचांनी स्कार्फबद्दल विचारलं, सरांनी फाइल उघडून प्रिंट दाखवला, त्यांनी वाचला आणि मान हलवली, झालं. ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मी खेळ म्हटलं.

पहिली मॅच १८-१४ नं जिंकलो. खरं सांगायचं तर समोरची टीम आमच्याहून कच्ची होती, त्यांचीही दोन वर्षांनी पहिलीच मॅच. तरीही शेवटची शिट्टी झाल्यावर मुलींना जिंकल्यावर काय करायचं तेच माहीत नव्हतं, सगळ्या एकमेकींकडे बघत उभ्या, मग दहावीतलीनं ओढून सगळ्यांना समोरच्या टीमशी हात मिळवायला नेलं. हेही कुणीतरी दाखवावं लागतं.

दुसरी मॅच विश्रामबागच्या त्याच टीमशी. पुन्हा प्रेस. पण या वेळी तीन पास झाले, पहिल्याच वेळी, आणि खो-खोवालीनं एकटीनं जाऊन बास्केट केला. त्यांच्या कोचनं टाइमआउट घेतला, मी इतक्या वर्षांत कुठल्या टाइमआउटनं इतकी खूश झाले नव्हते. हाफला आम्ही दोन पॉइंटनं मागे, फक्त दोन. शेवटच्या क्वार्टरमध्ये चार-साडेचार मिनिटं शिल्लक असताना दहावीतलीचा पाचवा फाउल झाला, म्हणजे बाहेर. ती बेंचवर येऊन बसली, टॉवेल तोंडावर. बॉल वर आणायला आता कुणी नाही. मी आठवीतल्या पिव्हटवालीला पाठवलं. तिच्यावर दोघी आल्या, पंच हातानं सेकंद मोजतायत, पाच, सहा, आणि बेंचवरून दहावीतली टॉवेल टाकून ओरडली, बोटं नको बघू गं, समोर बघ! बॉल पलीकडे गेला.

हरलो. २४-१९. स्कोअरशीट बघितली तर आम्हाला १४ फ्री थ्रो मिळाले होते, गेले ३. पाच पॉइंटनं हरलो आणि अकरा फ्री थ्रो वाया. कुणी अंगावर नसतं, कुणी घाई करत नाही, तिथं आम्ही मॅच घालवली, आणि हा दोष माझा, प्रेस प्रेस करत मी फ्री थ्रोला रोज पाच मिनिटंही दिली नव्हती.

त्या संध्याकाळी शाळेच्या पायरीवर बसून मी मुलींना जुन्या वह्यांबद्दल सांगितलं, पुरात गेलेल्या. छोट्यांना ते गोष्टीसारखं वाटत होतं. दहावीतली म्हणाली, मी बघितलीय ती वही. शेवटच्या वहीत माझं नाव होतं ताई, सातवीत असताना. १० पैकी १.

दुसऱ्या दिवशी तिनं मारुती चौकातून फुलस्केप वही आणली, दोनशे पानी. स्वतः कव्हर घातलं. ठरल्याप्रमाणे स्पर्धेनंतर ती यायची बंद झाली, आईला दिलेला शब्द होता आणि तो मीही पाळला, एकदाही निरोप नाही पाठवला. वही आठवीतलीकडे गेली. आम्ही दिवाळीनंतरही सकाळी येत राहिलो, थंडीत सहाला अंधार असतो म्हणून साडेसहा केलं, आणि शेवटी दहा दहा फ्री थ्रो. वही आता स्टोअररूममध्ये ठेवत नाही, वरच्या मजल्यावर लायब्ररीच्या कपाटात असते.

मार्चअखेर दहावीचे पेपर संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेटवर. बूट घालून. सोबत आई. वहिनी म्हणाल्या, रात्रभर झोपली न्हाई ओ ही. त्या झाडाखाली बसल्या, पहिल्यांदाच कोर्ट बघत होत्या. शेवटी वही आली, आठवीतलीनं पान उघडून तारीख घातली आणि सगळ्यांची नावं लिहिली. पाचवीतल्या छोटीचे २ गेले. आठवीतलीचे ६. दहावीतलीनं मारले, सहा महिने बॉलला हात नाही, ४ गेले. आठवीतलीनं तिच्या नावापुढं ४ लिहिले, आणि ती वाकून तो आकडा बघत म्हणाली, उद्या परत.